पन्हाळ्याच्या पायथ्याचं बंदर

(कोल्हापूर, शाहूपुरी. २००३ सालातला एक रविवार, दुपारचे तीन. हंबीररावांच्या घराची माडी. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेबल; त्यावर छोट्या आगगाडीचे रूळ, स्टेशन, पन्हाळ्याचा डोंगर आणि एका कोपऱ्यात अर्धंमुर्धं बंदर. हंबीरराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. खाली स्वयंपाकघरात त्यांची बायको तानाबाई. त्यांचा मित्र यल्लाप्पा फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करतो. आपलं या बंदराशी काही देणंघेणं नाही असं यल्लाप्पाचं तोंड म्हणतंय, डोळे मात्र तिथून हलत नाहीत.)

हंबीरराव : …दोन पाय बसत्यात आन दोन अधांतरी. हिकडचं दाबलं की तिकडचं उठतंय. सकाळधरनं हेच चाललंय बग माझं.

यल्लाप्पा : मग उलटी लाव.

हंबीरराव : क्रेन हाय ती गड्या, बाज न्हवं, कशीबी टाकायला. तुझ्या फळीवर ह्या दोन खाचा हायत्या, त्यातनं क्रेनचं पाय सरकाय पायजेत. म्हंजे ती धक्क्यावरनं फुडंमागं जाणार. कागदावर लिवलंय, दोन खाचांमधी पंधरा सेंटिमीटर. तूच वाचलंवतंस की.

यल्लाप्पा : वाचलंतं.

हंबीरराव : आन जर्मन लोकांचं काम हाय. पंधरा म्हंजे पंधराच. जावईबापूंनी हँबुर्गात दुकानात उभं राहून घेतलंय. ह्या खोक्यात क्रेन, त्या खोक्यात गोदाम, तिसऱ्यात धक्क्याची भिंत. जहाजावर नोकरी करणारा माणूस, त्याला बंदर कळायचं न्हाय तर कुणाला? जावईबापू म्हणालं हुतं, मामा, नुसतं चिकटवायचं, बाकी सगळं तयार हाय.

यल्लाप्पा : चारदा झालं.

हंबीरराव : काय चारदा?

यल्लाप्पा : म्या जिना चढून आल्यापास्नं जावईबापू चारदा झालं. च्या एकदाबी न्हाय.

हंबीरराव : आगं ए, च्या टाक की. यल्लाप्पा येऊन बसलाय. …हां, आता हे गोदाम बग. जवळनं बग. वीट न् वीट येगळी दिसती. खिडकीला गज हाय, दाराला कडी हाय. तीन आठवडं लागलं मला. चिमट्यानं धरून, सुईनं डिंक लावून. ह्या माझ्या हातानं.

यल्लाप्पा : प्लास्टिक हाय.

हंबीरराव : असू दे की. वीट दिसती का न्हाय?

यल्लाप्पा : दिसती. माझ्या लाकडी गुऱ्हाळाच्या भिंतीबी दिसत हुत्या.

हंबीरराव : परत गुऱ्हाळ काढू नगंस.

यल्लाप्पा : म्या कुठं काढलं? तू काढलंस. हितनं.

हंबीरराव : बंदराला जागा नव्हती रं.

यल्लाप्पा : अकरा वर्षं हुती. ब्याण्णवात तुझं साहेब बदलीवर जाताना ते इंजिन आन दोन डबं देऊन गेलं. रूळ न्हाईत, स्टेशन न्हाय, काय न्हाय. ह्याच टेबलाच्या जागी सतरंजीवर बसून तू म्हणालास, यल्लाप्पा, ह्याचं गाव करूया. स्टेशन म्या केलं. पन्हाळा केला, तीन दरवाजासकट. गुऱ्हाळाला चार महिनं घातलं. सागवान वापरलं. काहील तर पितळंची ओतून घेतली, अंगठ्याच्या नखाएवढी. आता ते खाली टीव्हीवर हाय. वर रुमाल घालून.

तानाबाई : रुमाल मी घातला भावजी. धूळ बसती म्हणून. घ्या, च्या घ्या.

यल्लाप्पा : तुमाला न्हाय बोललो वैनी.

तानाबाई : मला बोला न्हायतर ह्यास्नी बोला, घर एकच हाय. मी च्या ठेवून झालरीचं माप घेती. टेबलाखालचा सगळा पसारा दिसतोय, आपली मोना जावयासंगं आली की नाक मुरडल. आन काय हो, बंदर बंदर करताय, पन्हाळ्याच्या पायथ्याला समुद्र कुणी बघितलाय?

हंबीरराव : ते खेळातलं हाय गं.

तानाबाई : व्हय, खेळातलंच. दोन म्हाताऱ्यांचा खेळ आन तीन आठवडं मला माडी झाडू देईनात.

हंबीरराव : यल्लाप्पा, मी सांगतो काय झालंय ते. तुझी फळी चुकायची न्हाय. तू अर्ध्या मिलिमीटरला रातभर न झोपणारा माणूस. म्हंजे डॅमेज पार्सलातच हाय. पायाचं माप खोटं आलंय.

यल्लाप्पा : …लाकूड फुगलं असंल. पावसाळी हवा हाय.

हंबीरराव : तू वाळवलेलं लाकूड फुगंल? मला सांगतोस? न्हाय, न्हाय. खाली जातो आन जावईबापूंना फोन लावतो. पाचला हितं यायचं म्हंजे इचलकरंजीसनं अजून निघालं नसत्याल. सांगतो, तुमचं सामान खोटं निघालं.

यल्लाप्पा : आरं फोन कशाला?

हंबीरराव : सांगाय नगं? पैलं बंदर, आन जावयाफुडं क्रेन लंगडी. मी आलोच.

तानाबाई : …गेलं. जिन्यावरनं पाय सावकाश टाका म्हटलं की मुद्दाम धावत्यात. भावजी, ती तुमची लोखंडी पट्टी घेऊ का? माझी टेप मधीच गुंडाळती.

यल्लाप्पा : ती नगं.

तानाबाई : का?

यल्लाप्पा : पिशवीत दुसरी हाय, ती देतो.

तानाबाई : ही हाताशी हाय की. …भावजी.

यल्लाप्पा : काय?

तानाबाई : जरा हिकडं बघा. माझी टेप आन तुमची पट्टी शेजारी धरल्या. सुरवात एका जागी. माझं साठ हितं आलं. तुमचं साठ त्येच्या फुडं सेंटिमीटरभर गेलं. चाळीस वर्षं झाली, ह्याच टेपनं गल्लीतली झंपरं शिवतीया. कुणाचं झंपर तंग झालं न्हाय.

यल्लाप्पा : तुमची टेप बराबर हाय.

तानाबाई : मग ही?

यल्लाप्पा : हीबी बराबर हाय. फाउंड्रीतली हाय. वितळलेलं पोलाद साच्यात ओतलं की थंड होताना आकसतं. म्हणून लाकडाचा पॅटर्न थोडा मोठा करायचा. दरवेळी हिशेब कोण करणार? म्हणून पट्टीच लांब असती. हिच्यावर पंधरा मोजलं की खरं पंधरा न् वर तीन मिलिमीटर भरतं.

तानाबाई : आन हितं काय वितळणार हाय?

यल्लाप्पा : काय न्हाय.

तानाबाई : मग चुकून हीच हातात आली.

यल्लाप्पा : …पिशवीत दोन्ही हुत्या, वैनी.

तानाबाई : आसं.

यल्लाप्पा : साधी पट्टी हातात घेतली हुती. फळीवर खूण करणार, तवर ह्यो म्हणाला, यल्लाप्पा, तू नुसती खालची फळी दे, वरचं सगळं आयतं आलंय. नुसती खालची फळी. अकरा वर्षं वरचं म्या केलं. मग साधी पट्टी ठेवली आन ही घेतली.

तानाबाई : पोटात दुखलं म्हणा की.

यल्लाप्पा : लई दुखलं. गेल्या महिन्यापतुर इंजिन हितनं जायचं तर ह्यो मला हाक मारायचा, यल्लाप्पा, ये, बग. आता मी दारात आलो तरी ह्याचं डोकं खोक्यात. अठ्ठावन्न वर्षांचा झालो. नातू हाय मला. आन मी एका प्लास्टिकच्या गोदामावर जळलो. जावयाचं तोंड म्या लग्नात एकदा बघितलंय, तरी त्याचं नाव निघालं की माझा च्या कडू होतो.

तानाबाई : आन त्यो जावई आता खाली फोनवर बोलणी खातोय.

यल्लाप्पा : ऐकू येतंय.

तानाबाई : मी काय सांगणार न्हाय. मी माप घ्यायला आली हुती, घेतलं. पण हे आता वर येत्याल आन त्या क्रेनच्या पायांस्नी ब्लेड लावत्याल. ह्यांचा स्वभाव तुमाला ठाव हाय. जिना अठरा पायऱ्यांचा हाय. तेवढा येळ हाय तुमच्याकडं.

हंबीरराव : झालं. बोललो.

यल्लाप्पा : काय म्हणालं?

हंबीरराव : काय म्हणणार? मी जरा जोरातच बोललो. म्हटलं, एवढ्या लांबनं धाडायचं तर उघडून बघाय नगं व्हय? मोनाबी शेजारीच हुती वाटतं. तर ते म्हणालं, चुकलं मामा, माझंच चुकलं. फुडच्या फेरीला बदलून आणतो. पोरगं वाद घालत न्हाय, काय न्हाय. मलाच कसंतरी झालं. …जाऊ दे. ते ब्लेड दे. पाय आतनं दीड दीड मिलिमीटर तासतो.

यल्लाप्पा : थांब.

हंबीरराव : प्लास्टिक हाय, निघतंय.

यल्लाप्पा : हंबीरा, ब्लेड खाली ठेव. क्रेन बराबर हाय. फळी खोटी हाय.

हंबीरराव : तुझी फळी?

यल्लाप्पा : ह्या पट्टीनं मापली. फाउंड्रीच्या.

हंबीरराव : आरं मग आसं सांग की. सवयीनं घेतली असशील. तीस वर्षाचा हात.

यल्लाप्पा : सवयीनं न्हाय. बघून घेतली. तुझं बंदर बसू नये म्हणून घेतली.

हंबीरराव : …बघून?

यल्लाप्पा : व्हय.

हंबीरराव : मी त्या माणसाला आता फोनवर वाटंल ते बोलून आलो.

यल्लाप्पा : व्हय.

हंबीरराव : अकरा वर्षांत तुझ्या मापावर मी दुसरी पट्टी लावली न्हाय, यल्लाप्पा. एकदाबी न्हाय.

यल्लाप्पा : ठाव हाय. म्हणून तर जमलं.

हंबीरराव : वा. वा रं दोस्ता.

यल्लाप्पा : शिव्या घाल. मी ऐकून घेतो. न्हायतर जातो.

तानाबाई : कुणी जायचं न्हाय. च्या तसाच हाय कपात. आन हो, तुमीबी आता टीव्हीच्या खणातलं पत्र काढा.

हंबीरराव : तू गप गं.

तानाबाई : का गप? भावजींनी त्यांचं सांगितलं. दुसऱ्याचं कुसळ लगेच दिसतंय, आपलं मुसळ कोण दाखवायचं?

यल्लाप्पा : कसलं पत्र?

हंबीरराव : काय न्हाय. खोक्याबरोबर आलतं.

तानाबाई : मी सांगू का तुमी सांगताय?

हंबीरराव : …जावईबापूंनी लिवलंतं. बंदराची तीन खोकी धाडतोय, जहाजाचं मुद्दाम घेतलं न्हाय. जहाज यल्लाप्पाकाकांकडनं सागवानाचं करून घ्या. लग्नात आलतो तवा त्यांचं गुऱ्हाळ बघितलंय. तसला हात खोक्यात मिळत न्हाय.

यल्लाप्पा : आसं लिवलंय?

हंबीरराव : तसंच लिवलंय.

यल्लाप्पा : आन तू मला सांगितलं न्हाईस.

हंबीरराव : न्हाय.

यल्लाप्पा : तीन आठवडं.

हंबीरराव : व्हय, तीन आठवडं. आता तूबी ऐक. अकरा वर्षं माणसं हा जिना चढून येत्यात. आत पाय टाकला की पैला सवाल, हे कुणी केलं? मी म्हणतो, यल्लाप्पानं. हा डोंगर? यल्लाप्पानं. ती पितळंची काहील? यल्लाप्पानं. मग तुझ्या पाठीवर हात पडतो. मी बटण दाबतो, गाडी फिरती, आन मला म्हणत्यात, च्या झकास झालाय. त्यो च्याबी हिनं केलेला.

तानाबाई : तेवढं खरं हाय.

हंबीरराव : मला सरळ रेघ मारता येत न्हाय, लाकडाचं मला काय कळत न्हाय. हे खोक्यातलं आयतं आलं तवा वाटलं, हे जमंल. एका तरी भिंतीवर बोट ठेवून म्हणता येईल, हे मी केलं. तुझं जहाज फुडं उभारलं असतं तर माझ्या गोदामाकडं कोण बघणार हुतं? म्हणून पत्र खणात टाकलं.

यल्लाप्पा : …म्हंजे तू माझ्यावर जळतोस.

हंबीरराव : ब्याण्णवापास्नं.

यल्लाप्पा : आन मी त्या जावयावर.

तानाबाई : आन त्यो बिचारा एश्टीत बसलाय, पोटात फोनवरची बोलणी घेऊन. तुमा दोघांस्नी काय म्हणावं मला कळंना. मी पोह्याला कांदा चिरती. पाच वाजता दोघांनी त्याच्याम्होरं हात जोडायचं, हे आत्ताच सांगती.

यल्लाप्पा : वैनी, फोनचं मी सांगीन. माझ्या तोंडानं.

तानाबाई : सांगा. आन क्रेन उभी करा, माणूस लांबनं येतोय. मी खाली चालली.

हंबीरराव : …किती वाजलं?

यल्लाप्पा : पावणेचार. नवी फळी नगं. ही आतली खाच हाय तशीच ठेवायची. भायरची खाच लाकडाची चीप घालून बुजवायची आन तीन मिलिमीटर आत नवी पाडायची. तासाचं काम हाय.

हंबीरराव : मग बस की. ही घे पटाशी.

यल्लाप्पा : थांब. आधी खूण करू दे. ही बग, साधी पट्टी. वैनींची टेप शेजारी धर. जुळतंय?

हंबीरराव : मी बघत न्हाय.

यल्लाप्पा : बघ. आजपास्नं बघत जा.

हंबीरराव : …जुळतंय.

यल्लाप्पा : ही रेघ. आता पटाशी तू धर.

हंबीरराव : मी?

यल्लाप्पा : मी फळी दाबून धरतो. हातोडी हलकी मार. रेघंच्या आत ऱ्हा.

हंबीरराव : सागवान हाय रं. माझ्या हातनं वाकडं जाईल.

यल्लाप्पा : जाऊ दे.

हंबीरराव : आन माणसांनी बघितलं, इचारलं, हे कुणी केलं, तर?

यल्लाप्पा : तर तुझं नाव सांग.