देवीच्या नथीचा आकडा

मंडळी, एक सांगा — देवाला वाहिलेली वस्तू कुणाची? देवाची! वा, काय एका सुरात बोललात! आता ऐका.

खंडेनवमीची सकाळ. भिकोबा दहिवाळ, गावचा सोनार. त्यानं ऐरण धुतली, हातोडी, चिमटा, फुंकणी पाटावर मांडली. न्हाऊ घातलेलं लेकरू टिपावं तसं एकेक हत्यार हलक्या हातानं पुसलं, झेंडू वाहिला. आज हत्यारांना विसावा! इतक्यात दारात कोण? देवस्थानचे पंच, अण्णासाहेब! रुमालातून देवीची नथ काढली — तार वाकडी!

"भिकोबा, एवढी सरळ कर. गुपचूप. उद्या दसरा."

"अण्णासाहेब, चालत आलात?"

"आज जीप पूजेला लावलीय. किल्ली फिरवायची नसते."

"मग मी हत्यार कसं उचलू?"

बघा! जीप दमते, हातोडी दमत नाही! अण्णासाहेब तडकले, "मग उद्या नथ बसवायचा मान तुझा नाही! मीच बसवीन!"

पाच पिढ्यांचा मान तो! वर्षातून एकदा देवीआईच्या गालाला भिकोबाचा हात लागायचा, त्या स्पर्शावरच तो वर्ष काढायचा. पण हत्यार? नाही उचललं!

दसरा उजाडला. गाव जमलं. अण्णासाहेबांनी देवीच्या नाकाला मेण लावलं, नथ टेकवली — टप्प! पुन्हा टेकवली — टप्प! तिसऱ्यांदा तर मेणासकट खाली! पोरं खिदळली. गुरव कावला, "अहो, भिकोबाला पुढं येऊ द्या!"

भिकोबानं नथ उजेडात धरली. मूर्ती दगडाची, मंडळी; तिचं नाक कुठं टोचलेलं? म्हणून नथीची तार मागून सपाट, मेणात बसणारी. आणि इथं तिचा चक्क आकडा केलेला!

"अण्णासाहेब, देवीनं नाक कधी टोचून घेतलं हो?"

गाव हळूच वळलं — अण्णासाहेबांच्या सौभाग्यवतींकडे! बाईंचं नाक सुजून लालेलाल! "मी नकोच म्हणत होते," बाई पदराआडून फणफणल्या, "हेच म्हणाले, घाल हळदीकुंकवाला, देऊळ आपलंच आहे!"

अण्णासाहेब? खांबामागं! भिकोबानं उत्तरपूजा झालेला चिमटा आणला, तार सपाट केली, बोटाच्या उबेनं मेण मऊ केलं, नथ बसवली. हात क्षणभर गालावर राहिला. कुणी काढ म्हणालं नाही.

हसताय? हसा! पण आपल्या देवळाची मोठी समई गेल्या महिन्यात कुणाच्या बारशाला गेली? सतरंज्या कुणाच्या माळ्यावर आहेत? मी नाव घेणार नाही. आता भजन लागेल, सगळे डोळे मिटतील. ज्यानं नेलंय, त्यानं तेवढ्यात आणून ठेवा!

हं, मिटा डोळे. अहो पाटील — तुम्ही नका मिटू!