डहीहून आलेलं ‘नाही’

अध्यक्षसाहेब, आणि वहिनींसाठी आज इथे जमलेल्या सगळ्या मंडळींनो,

मी बोलणार नव्हते. घरातल्या माणसानं शोकसभेत बोलू नये, असं आमची आई म्हणायची. घरातल्यांनी रडावं, बोलायचं काम बाहेरच्यांचं. मी सकाळपासून तेच करत होते. पण आत्ता अरविंदरावांनी ठराव वाचला आणि माझं रडू थांबलं. राग आला की माझं रडू थांबतं, लहानपणापासूनचं आहे. म्हणून उभी राहिले. आवाज फुटला नाही तर समजून घ्या. फुटला तर ऐकून घ्या.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी कुसुम टेंबे. शालिनी टेंबे माझ्या वहिनी. मी नणंद, म्हणून त्या मला अखेरपर्यंत ‘वन्सं’ म्हणाल्या. त्या धारला, मी इथे देवासला. त्यांनी मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, मी कचेरीत इंग्रजी पत्रव्यवहार केला. दोघी निवृत्त झालो. मला वाटलं आता आराम. वहिनींनी मला कामाला लावलं. त्यांचं इंग्रजी कच्चं, माझं कॉन्व्हेंटचं. त्या सांगायच्या, मी लिहायचे. बेल्जियमला, जपानला, जिथे जिथे त्यांची ती ताऱ्यांची मंडळी होती तिथे.

आता ठराव. काय म्हणतो ठराव? ‘नव्या लघुग्रहाचा शोध लावून आपल्या समाजाचे नाव जगात उज्ज्वल करणाऱ्या, धर्मपरायण, सुगरण, कै. टेंबे यांच्या धर्मपत्नी.’ आणि हीच ओळ दगडावर कोरून झाली आहे, हेही आत्ताच कळलं. ती पाटी या सभागृहाच्या दारात बसायची आहे. मी येताना पाहिली. गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली ठेवली आहे.

सुगरण? मंडळी, माझ्या भावानं जन्मभर करपलेली भाजी खाल्ली, आणि ‘आज खमंग झालीय’ म्हणून खाल्ली. ते सोडा. मेलेल्या बाईला सुगरण म्हणायची पद्धतच आहे. पण शोध? कुठला शोध? कधी लावला? अरविंदराव, तुम्ही खाली बघू नका. तुम्हाला माहीत आहे.

वहिनींनी कसलाही शोध लावला नाही. आयुष्यात नाही. त्यांचं काम वेगळं होतं, आणि ते काय होतं हे तुम्हाला कळावं म्हणून मी दोन मिनिटं जास्त घेणार आहे. घंटा वाजवू नका.

हे काम आम्हाला पहिल्यांदा समजलं ते पापडावर. धारच्या घरी वहिनींनी जेवायच्या टेबलाच्या एका टोकाला निरांजन लावलं. दुसऱ्या टोकाला आम्हाला ओळीनं बसवलं. मी, माझा दादा आणि भांडी घासायला येणारी रामकुंवरबाई. मग एक पापड बोटांत धरून त्या निरांजनापुढून नेऊ लागल्या. ‘सांगा, कुणाची वात गेली?’ मी म्हटलं गेली. रामकुंवरबाई नकारार्थी मान हलवत म्हणाली, ‘म्हारी नी गई.’ दादा म्हणाला, गेली.

‘अहो, तुमच्यासमोर पापड आलाच नव्हता.’

‘तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं.’

‘मला बरं वाटून पापडाचा आकार कळत नाही.’

एवढंच शास्त्र आहे, मंडळी. आकाशात वात म्हणजे तारा, पापड म्हणजे लघुग्रह. तो इतका लांब असतो की मोठ्या दुर्बिणीतूनही नुसता ठिपका. पण कधीतरी तो एखाद्या ताऱ्यापुढून जातो आणि त्याची सावली पृथ्वीवरून सरकते. त्या वाटेवर माणसं अंतर राखून उभी करायची. कुणाचा तारा गेला, किती सेकंद गेला, कुणाचा गेलाच नाही. सगळ्यांची उत्तरं एकत्र ठेवली की त्या दगडाची आकृती उमटते. एका माणसाला ते येत नाही. एका देशालाही येत नाही, कारण सावली देश बघून पडत नाही. म्हणून बेल्जियमच्या एक बाई बसून याद्या करतात, आणि जपानचा दंतवैद्य, आमच्या वहिनी आणि सिंधमधले एक डॉक्टर एकाच यादीत येतात. फुकट. आपापल्या चहाच्या थर्माससकट.

तर एका संध्याकाळी अशाच एका लघुग्रहाची सावली आपल्याकडून जाणार होती. अरविंदराव इथे देवासला कॉलेजच्या गच्चीवर. धारला वहिनींच्या जुन्या विद्यार्थिनी. मनावरला एक मास्तर. आणि सगळ्यांत दक्षिणेला वहिनी. आधी निसरपूर ठरलं होतं. वहिनी दोन संध्याकाळी तिथे जाऊन बसून आल्या, पाण्यावरून धुकं चढतं म्हणाल्या, आणि डहीच्या पुढचं एक माळरान निवडलं. मनावरच्या प्रकाशभियांची जीप केली. मागे भिंतीला टेकून उभे आहेत ते प्रकाशभिया. तासाभरापासून उभे आहेत. या सभागृहात पुढच्या दोन ओळी रिकाम्या आहेत, पण त्यांना बसा म्हणायला कुणाची जीभ वळली नाही. भिया, या, इथे बसा. हो, इथेच.

दिवेलागणीनंतर तासाभरानं तारा जाणार होता. देवासला गेला. धारला गेला. मनावरला गेला. डहीला पाच सेकंद जाईल असं गणित होतं. डहीला गेला नाही.

वहिनींनी तिथूनच मला फोन केला. ‘वन्सं, लिहून घ्या. तारा गेला नाही.’

त्यानंतर पाच मिनिटांत अरविंदरावांचा फोन. आठवतंय का हो? ‘कुसुमताई, तीन ठिकाणी गेला आणि शालिनीताईंचाच कसा गेला नाही? वय झालंय, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसराच तारा धरला असेल. बाहेरच्या देशांत जाणार आहे हे. आपलं हसं होईल. बारीक ढग होता असं घाला, म्हणजे प्रश्न मिटला.’

आता मी कबूल करते ते ऐका. मी घातला ढग. माझ्या सुंदर कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत, अगदी सभ्य ढग. विरळ ढग असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असा. वहिनींचं हसं होऊ नये म्हणून. त्यांना बरं वाटावं म्हणून. त्यांना न विचारता.

पण मास्तरीण होती ती. दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाल्या, पाठवण्याआधी मराठीत वाचून दाखवा. मी वाचलं.

‘वन्सं, ढग कुठून आला?’

मी म्हटलं, ‘मनावरकडून.’

‘मी तिथे होते. तुम्ही देवासला मालिका बघत होता.’

मी चिडले. म्हटलं, जगासमोर एकट्या पडाल. सगळे हो म्हणतायत, तुम्ही एकट्या नाही. तर म्हणाल्या, ‘एकटी तर एकटी. मी कशाला गेले होते डहीला? हो म्हणायला तर धारच्या गॅलरीतूनही म्हणता आलं असतं.’

ढग काढला. ‘नाही’ गेलं बेल्जियमला. आणि मग, अरविंदराव, तुमच्या आकाशदर्शन मंडळात त्यांची किती टिंगल झाली! ‘टेंबे काकूंचा अमर तारा.’ हे तुमचेच शब्द. चहाच्या वेळी, त्यांच्यादेखत. त्या हसल्या. मी नव्हते हसले.

तीन आठवडे गेले. मग बेल्जियमच्या बाईंचं पत्र आलं. सिंधमधले ते डॉक्टर वहिनींच्याच रेषेवर उभे होते. डहीची रेषा वायव्येला वाढवत नेली की त्यांचं गाव. त्यांचाही तारा गेला नव्हता. त्यांच्याकडचे बाकी सगळे हो म्हणत होते, म्हणून त्यांनी आपला कागद अडवून ठेवला होता. बेल्जियमहून सगळ्यांना पाठवलेल्या यादीत त्यांना वहिनींचं ‘नाही’ दिसलं. मग त्यांनी आपलं पाठवलं. त्यांनी वहिनींना लिहिलं होतं, ‘बाई, मी ढग लिहिणार होतो.’

ऐकलंत? तेही ढग लिहिणार होते. मी डहीवर ढग ठेवला असता, तर त्यांनी सिंधवर ठेवला असता. दोन खोटे ढग एका रेषेत, आणि त्या दगडाची एक बाजू आहे त्यापेक्षा फुगलेली राहिली असती. आज जगात कुणीही त्या लघुग्रहाचं चित्र काढलं, तर त्याची दक्षिणेकडची बाजू चपटी काढतो. का? डहीच्या माळावर एक चौऱ्याहत्तर वर्षांची बाई आणि सिंधमध्ये एक डॉक्टर, कधी न भेटलेली दोन माणसं, नाही म्हणाली म्हणून.

याला शोध म्हणत नाहीत. याला साक्ष म्हणतात. खोटी साक्ष द्यायला ती बाई मरेपर्यंत तयार झाली नाही, आणि मेल्यावर तुम्ही तिच्या तोंडी खोटी साक्ष घालता? तेही दगडावर कोरून? बेल्जियमच्या यादीत त्यांच्या नावापुढे काय आहे, पाहिलंत? ‘तारा गेला नाही.’ एवढंच. शेजारी डहीचं नाव, अक्षर न चुकवता. परक्या बाईला डही लिहिता येतं. आपल्याला शालिनी लिहिता येत नाही, ‘कै. टेंबे यांच्या धर्मपत्नी’ लिहावं लागतं.

आणि या पत्रकात शोकसंदेश छापले आहेत. बेल्जियम आहे. जपान आहे. सिंध कुठे गेलं? डॉक्टरांचं पत्र मी स्वतः अरविंदरावांच्या हातात दिलं होतं. विचारलं तर म्हणाले, ‘ताई, सध्याचं वातावरण बघा ना.’ वातावरण! म्हणजे पुन्हा ढगच ना हो? त्या माणसानं चार ओळी लिहिल्या आहेत. त्यातली एक वाचते. ‘माझ्या रेषेवर आता कुणी उभं नाही.’ असं तुमच्यापैकी कुणी बोललं का आज? सगळे सुगरण, सुगरण.

मी अरविंदरावांना खोटारडे म्हणत नाही. ते आज तेच करतायत जे मी तेव्हा केलं. वहिनींचं नाव चांगलं दिसावं म्हणून. मी ढग घातला, त्यांनी शोध घातला. पण माझा ढग काढायला वहिनी होत्या. तुमचा शोध काढायला आता मीच आहे. आणि मी तो काढल्याशिवाय खाली बसणार नाही. अध्यक्षसाहेब, ठराव दुरुस्त करा, नाहीतर माझा विरोध नोंदवा. घरातल्या माणसाचा विरोध नोंदवून शोकठराव करा, बघू कसा दिसतो.

पाटीचं म्हणाल तर दगड वाया जाणार नाही. दगडाला मागची बाजू असते, ती कोरी आहे. तिच्यावर लिहा, ‘शालिनी टेंबे. गणिताच्या शिक्षिका. डहीला उभ्या राहिल्या. तारा गेला नाही, असे त्यांनी कळवले.’ येणारेजाणारे विचारतील, म्हणजे काय? विचारू देत. त्यांना पापड दाखवा.

मान हलवलीत, अध्यक्षसाहेब. मी ती हो धरते. अरविंदराव, तुमची? ...बरं. लिहून घ्या मग.

आता शेवटचं. आपण दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहतो. आज डोळे मिटू नका. वहिनींच्या फोटोपुढे समई आहे, तिच्या वातीकडे बघा. मी बोलणार नाही. माझ्या फोनमध्ये त्या संध्याकाळचा आवाज आहे, प्रकाशभियांनी धरलेल्या यंत्रातला. सेकंदाला एक टिक वाजते. तारा दिसतोय तोवर वहिनी ‘आहे’ म्हणायच्या, गेला की ‘गेला’ म्हणायचं, अशी रीत. ऐकाल. आहे, आहे, आहे. जिथे पाच सेकंद गप्प व्हायला हवं होतं तिथेही, न अडखळता, आहे. मग प्रकाशभियांचा आवाज येईल, ‘मैडम, तारा तो हिला भी नी.’ आणि सगळ्यात शेवटी वहिनी म्हणतात, ‘लावा हो वन्संना फोन. मालिका संपली असेल.’

तिथे हसू आलं तर हसा. आणि बाहेर कुणी विचारलं, काय दिसलं सभेत, तर जे दिसलं तेवढंच सांगा.

उभे राहा, मंडळी.

वहिनी, माझा नमस्कार घ्या. मालिका संपली. सांगा, लिहून घेते.