उद्या लेकीला घरी ठेवा

माजं म्हायेर माण तालुक्यातलं, बापाची मेंढरं, आज हितं तर उद्या तितं, म्हणून माजी शाळा दुसरीलाच सुटली, काय सांगू तुमाला, सही तेवढी येती. लग्न हून ह्या गावात आले, मालक मुंबईला गोदामात कामाला, आन् म्या धा वर्सं झाली सरकारी शाळंत पोरांना भात-आमटी शिजवती. पाचवी ते आठवी शाळा. माजी स्वाती तितंच सातवीला व्हती.

तर शाळंची तपासणी लागली. सायेब लोक येणार, एकेका पोराला हुबं करून वाचाय लावणार, भागाकार घालणार. आधीच निम्मी पोरं पिवळ्या गाडीतनं इंग्रजी शाळंला जायाला लागलेली, आन् ह्यात शाळा मागं पडली तर उरलेली बी जातील, मंग कुलूपच, असं समदी म्हणायची. आदल्या दिवशी गुरुजी सैपाकाच्या खोलीत आलं, खाली बघून म्हणालं, मंदाताई, उद्या स्वातीला घरी ठेवा. म्या म्हणलं, का वं गुरुजी, बरी हाय की ती. तर म्हणालं, तिला वाचता येत नाही, आणखी सहा जणांना पण सांगितलंय.

आवं, माजा इस्वासच बसंना. पोरगी रोज सांजचं पुस्तक घिऊन घडाघडा वाचायची. घरी जाऊन म्हणलं, वाच गं. वाचाय लागली. म्या पानावर हात ठिवला, तरी तिचं चालूच, समदं पाठ. मंग रडली, म्हणाली, आये, मला अक्षरं जुळवायलाच येत न्हाईत, कुणी कवा इचारलंच न्हाई.

लय इचार केला. घरी ठेवावी तर लेकीचं नुकसान, न्यावी तर शाळंचं, आन् माजं काम बी जायाचं. पर सकाळी तिची येणी घातली आन् घिऊन गेले. गुरुजींनी बघितलं.

तपासणीच्या मॅडमनी नाव पुकारलं. म्या खिडकीशी हुबी, हातात पळी तशीच, भात करपल्याचा वास आला तरी पाय हलंना. स्वाती पुस्तक धरून हुबी. मंग म्हणाली, मॅडम, मला वाचता येत न्हाई. मॅडम म्हणाल्या, असे आणखी किती? तवा गुरुजीच उठलं, म्हणालं, सहा आहेत, मीच घरी ठेवलेत.

शाळंचा शेरा खराब आला. चार पोरं सोडून गेली. बायका मला म्हणायच्या, तुज्या पोरीनं शाळा बुडवली. गुरुजी रोज आमटीची चव बघाय यायचं, ते बी बंद झालं, पंधरा दिस बोलणं न्हाई. मंग एक दिस शाळा भरायच्या आधी तासभर आलं, सातीजणांना व्हरांड्यात बसवलं आन् फळ्यावर क काढला. सातवीच्या पोरांना क! म्या आतनं तांदूळ निवडत ऐकत व्हते, डोळं पुसत व्हते.

आता स्वाती आठवीला हाय. वाचती, अडखळत, बोट ठिवून. सोमवारी परत तपासणी हाय, मला भ्या वाटतंय, खोटं कशाला बोलू. पर औंदा गुरुजींनी कुणालाच घरी बस म्हणलं न्हाई. व्हायाचं ते हुईल. समदी पोरं वर्गात असू द्यात, तेवढं पुरं.