जीपखालून आलेली हाक

ऐका. मधे बोलायचं नाही. मोबाइल खिशात. ए, तुलाच सांगतोय!

तीस वर्षं तालुक्याची बातमीदारी केली मी. भुताची बातमी एकदाही छापली नाही. लोक घेऊन यायचे, मी हाकलून द्यायचो. हीसुद्धा छापली नाही. पण ही हाकलता येईना, म्हणून सांगतो.

हिरा ढेबे. बावीस वर्षांची. घाटाच्या माथ्यावरच्या धनगरवाड्यातली. दुपारी पडवीत आडवी झाली, गोधडीत मण्यार होती. चावली. मण्यारीचं विष कसं असतं ठाऊक आहे? दुखत नाही. झोप येते. पापण्या उतरतात, आणि मग श्वास थांबतो. माथ्यावर आरोग्य केंद्र आहे, तिथे डॉक्टर होत्या, ओझर्डे बाई. सापाच्या विषावरची लस नव्हती. संपून महिना झालेला! वरिष्ठांकडे मागणीपत्रं गेली होती. अरे, मागणीपत्र टोचता येतं का माणसाला? सांगा ना, येतं का?

लस होती खाली, गावच्या रुग्णालयात. केंद्राची एकुलती एक जीपही खालीच. का? तर चढावर तिच्या पोटातून आवाज येतो, अशी ओझर्डे बाईंनी तक्रार केलेली. मग जीप आली दुरुस्तीला. मेकॅनिकने काय केलं? सपाट डांबरी रस्त्यावर एक चक्कर मारली आणि कागदावर लिहिलं, ‘आवाज आढळला नाही.’ अरे शहाण्या, आवाज चढावर येतो! सपाटीवर काय शोधत होतास?

लस का संपली, हे विचारायला मी त्याच संध्याकाळी रुग्णालयात भांडत होतो. सातला बाईंचा फोन आला, पोरीच्या पापण्या उतरल्या तेव्हा कुठे चावल्याचं कळलेलं. लस बर्फाच्या डब्यात भरली. पण ड्रायव्हर म्हाळू शेलार जागचा हलेना.

“सायेब, दिवस बुडालाय. म्या एकटा जायाचा न्हाई.”

“मी येतो. चल!”

डबा मांडीवर घेतला आणि निघालो.

आता ऐका. त्या घाटात शेंदूर लावलेले दोन दगड आहेत. एक पायथ्याला, एक माथ्याला. दिवस मावळला की त्या दोघांच्या मधे कुणी थांबत नाही. मधे एक बाई हाक मारते. ओ दिली की संपलं! म्हणून ड्रायव्हर लोकांची रीत अशी, की खालच्या दगडाशी थांबायचं, नमस्कार करायचा, गाडी चारही चाकांच्या ताकदीवर टाकायची आणि माथ्यापर्यंत लिव्हरला हात लावायचा नाही. कारण त्या जुन्या जीपचा लिव्हर परत दोन चाकांवर आणायला थांबावं लागतं. रस्ता निम्मा चिखलाचा, निम्मा पक्का. पक्क्यावर चार चाकं चालवली की आतला डबा पिळवटतो. ट्रान्सफर केस म्हणतात त्याला, गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटलेला असतो, पुढच्या चाकांना ताकद तोच पोचवतो. वर्षानुवर्षं पिळवटत होता बिचारा!

दगड मागे गेला आणि आवाज सुरू झाला. घुंऽऽऽ. माझ्या पायाखालून.

माझा मेहुणा गॅरेजवाला. आवाज कसा शोधायचा ते मला त्यानं शिकवलेलं. एकेक गोष्ट वगळत जायची. मी ओरडलो, “म्हाळू, क्लच दाब!” तो ढिम्म. “क्लच!” ढिम्म. दंड धरून हलवला, तर त्यानं कानातून कापसाचा बोळा काढला.

“काय म्हनता?”

“कापूस?”

“मग? हाक ऐकू यायला नगं म्हून. समदेच घालत्यात.”

घ्या! गाडी दोन वर्षं कण्हतेय, आणि चालवणाऱ्याच्या कानात कापूस! मला इतका राग आला म्हणून सांगू. पण क्लच दाबायला लावला. इंजिन मोकळं फिरलं, आवाज उतरला. क्लच सोडला, आवाज चढला. इंजिन नाही, मागचा डबाच. सापडलं, म्हटलं! म्हाळूनं बोळा परत कानात घातला.

आणि आवाज बदलला. आधी घुंऽऽ. मग हूंऽऽ. मग, देवाशपथ, माझं घरचं नाव.

“विसूऽऽ.”

मला विसू फक्त आई म्हणायची. आई जाऊन अकरा वर्षं झालेली. कुणी हाक मारली की ‘कोण? काय?’ विचारायचं, हा तर माझा धंदा! तोंड उघडलंच होतं. दात ओठात रुतवले, रक्त आलं.

तेवढ्यात धाडकन गाडी थांबली. पुढची चाकं जाम. म्हाळूनं चावी फिरवली, इंजिन बंद केलं.

इंजिन बंद. आवाज चालू!

कळतंय का? सगळं बंद, आणि खालून घुंऽऽऽ.

काय करणार? वर हिरा झोपायला लागली असेल. डबा सीटवर ठेवला, टॉर्च तोंडात धरला, गाडीखाली सरकलो. ट्रान्सफर केसला बोट लावलं, पोळलं. म्हणजे आत तेल नाही. तिला दोन बोल्ट असतात. वरचा तेल बघायचा आणि भरायचा, खालचा तेल सोडायचा. मी टॉर्च हातात घेतला आणि ओरडलो, “म्हाळू, पाना!”

पाना हातात आला. बरोबर मापाचा. देणारा हात बर्फासारखा गार. पान्यासकट माझा हात त्यानं हळूच खालच्या बोल्टावर नेला.

“हा खोल, विसू.”

मी मान वळवली. आजूबाजूला पाय नव्हते. कुणाचेच. आणि वर, जीपच्या तळाच्या फळीतल्या फटीतून, म्हाळूच्या चपला दिसत होत्या. तो सीटवर बसलेला. कानात कापूस. माझी हाक त्याला ऐकू गेलीच नव्हती!

त्या हाक मारणाऱ्या बाईला उरलंसुरलं तेल सांडून हवं होतं. मी हात झटकला आणि वरचा बोल्ट खोलला. बोट घातलं, कोरडं ठणठणीत.

तेव्हा ती ओझर्डे बाईंच्या आवाजात बोलली. अगदी थकलेल्या आवाजात. “हिरा गेली हो. आता घाई नको. परत फिरा.”

मला खरं वाटलं. पण ऐका, मरणाची बातमी मी दुसऱ्या माणसाकडून खात्री केल्याशिवाय कधी छापली नाही. मंत्र्याची नाही छापली, तर हिची छापू? मनात म्हटलं, आधी वर जाऊन बघतो, मग ठरवतो!

सीटमागे इंजिन ऑइलचा डबा होता. जीपमधल्या केंद्राच्या पेटीत पोट धुवायची जाड रबरी नळी होती. नळीनं ओतलं तेल, ओघळ बाहेर येईपर्यंत. ती कानाशी रडत होती. मी ओतत होतो. बोल्ट आवळला, म्हाळूला खुणेनं गाडी वीतभर मागे घ्यायला लावली. पीळ सुटला. लिव्हर दोन चाकांवर ओढला, चाकं मोकळी झाली.

आवाज गेला नाही. आतलं बेअरिंग फुटलेलं होतं, ते आता बोंबलायला लागलं. सगळी दरी दणाणली. पुढचा रस्ता पक्का, म्हणून दोनवरच चढलो. मागच्या फळीवर कुणीतरी थापा मारत होतं, थाप, थाप, थाप. वरचा दगड ओलांडला आणि थापा थांबल्या.

हिरा होती! पापण्या मिटलेल्या, श्वास तुटक. ओझर्डे बाई हातानं फुगा दाबून हवा देत होत्या. लस चढली. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगी बोलायला लागली. काय म्हणाली ऐका.

“रातच्याला उशाला एक बाई बसली हुती. म्हनत हुती, गाडी परत फिरली, झोप आता. म्या मनात म्हनलं, खोटं बोलतीस. दरीतनं आवाज येतुया की.”

मी ओझर्डे बाईंना विचारलं, उशाशी कोण होतं? म्हणाल्या, “मी एकटीच होते.”

तेव्हा सांगतो, अंधार पडल्यावर त्या घाटानं जायचं नाही. कुणीही नाही. आता झालेला नवा रस्ता बारा किलोमीटर लांब पडतो.

पडू दे.