चाळीस अक्षरं

(स्फॅक्समधल्या एका छोट्या पेपरची कचेरी. संपादक मुंजिया आणि ट्युनिसहून आलेला संगणकवाला वजदी.)

मुंजिया : किती वेळा तेच उगाळणार आहेस?

वजदी : डोक्यात शिरेपर्यंत, खाला! दोन किल्ल्या असतात. एक जगाला वाटायची, तिने लोक तुमच्या मेलला कुलूप लावणार. दुसरी पोटात ठेवायची, तिने तुम्ही ते उघडणार. तुम्ही नेमकी दुसरी पहिल्या पानावर छापलीत, वर स्वतःचा फोटो! अख्ख्या बाजारानं त्यात मासे बांधून नेले.

मुंजिया : म्हणून तर तुला बोलावला. डझनभर खजुराचे मक्रूद चेपलेस, किल्ल्यांची नवी जोडी केलीस. झालं ना?

वजदी : पासवर्ड विचारला तर मांजरीचं नाव! रोज खिडकीतून हाका मारता, गल्लीतल्या पोराटोरांना पाठ आहे. आणि तुमचा तो तेलाच्या कारखान्यातला लामीन, भेसळीचे कागद ऑलिव्हच्या डब्यातून पाठवतो. कुठलं शतक चाललंय तुमच्याकडे?

मुंजिया : डबा धडपणे पोचला की नाही? लामीनची किल्ली कुठून आणलीस ते सांग.

वजदी : सोमवारी त्यानंच मेलनं पाठवली. 'मी लामीन, ही माझी किल्ली.'

मुंजिया : किल्लीला चाळीस अक्षरांची खूण असते, ती ज्याची त्याच्या तोंडून ऐकून जुळवायची, हे कोण शिकवत होतं मला?

वजदी : ते तुमच्यासारख्यांसाठी. मला मेल बघताच कळतं.

मुंजिया : सकाळी मी महारेसला गेले होते, त्याच्या घरी. टॅक्सीत आठ उतारू, त्यातला एक बोकड, आणि तोच काय तो गप्प बसला होता. लामीननं खूण वाचली, मी पावाच्या कागदावर उतरवली. घे, जुळव.

वजदी : काय हे अक्षर, कोंबडी नाचल्यासारखं... चार, एफ, नऊ...

मुंजिया : थांबलास का?

वजदी : जुळत नाही. तुम्हीच चुकीचं लिहिलं असणार.

मुंजिया : तीनदा वाचून घेतलंय. आणि सोमवारी त्यानं कसलीच मेल पाठवली नाही. कागद कोण फोडतंय ते कारखान्याचा मालक शोधतोय. चौघांवर संशय आहे त्याचा.

वजदी : चौघांवर?

मुंजिया : का रे?

वजदी : सोमवारी आणखी तिघांच्या किल्ल्या आल्या होत्या. त्याच कारखान्यातल्या. मला वाटलं फालतू लोक, पुसून टाकल्या.

मुंजिया : वा! म्हणजे मालकानं चार गळ टाकले होते. आणि चौथ्याला, लामीनच्या नावाच्या मेलला, उत्तर दिलंस?

वजदी : त्याला नुसती चाचणी म्हणून...

मुंजिया : काय लिहिलंस?

वजदी : 'लामीन, कागद पोचले. आभार.'

मुंजिया : ऊठ. दोनला त्याची पाळी सुरू होते, फाटकाच्या अलीकडे गाठायला हवा. फोन लाव त्याला, लावतच चल.

वजदी : उचलत नाहीये, खाला.

मुंजिया : माझ्या किल्लीत लोकांनी मासे तरी बांधले.