वीस मिनिटं, शून्य सेकंद

व्हाल्डा: दोनशे एकतीस! आणि त्यांचे चार! असं जिंकायची मला तरी लाज वाटते, नेव्हिल.

नेव्हिल: जिंकलो ते जिंकलो. आता काय परत करायचं का? आपले मेरिबकचे लोक वर्षभर हरले म्हणून रडतात, आज जिंकले म्हणून तू रडतेस.

व्हाल्डा: सहा-सहा गुणांचे पस्तीस गोल मारले म्हणे, वर थोडक्यात हुकलेल्यांचा एकेक गुण. मारले कसले, वेचले! सकाळपासून या कँटीनच्या खिडकीत उभी आहे मी, पॅटिस विकता विकता सगळं पाहिलंय. समोर चौदा माणसं. आपल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलला अठरा लागतात, आणि आले चौदा. त्यातला एक गुडघ्याला पट्टी बांधून आलेला, आणि एकाच्या पोटावर बनियन पुरत नव्हता.

नेव्हिल: डूलनची दरवेळी तीच गत आहे. त्यांच्या गावातली शाळा बंद झाली, धान्याचं कोठार बंद झालं. पोरं खाणीत कामाला गेली. कोण उरणार?

व्हाल्डा: तेच म्हणते मी. अशांच्या समोर आपला डार्सी एकोणीस गोल मारतो आणि प्रत्येक गोलनंतर लोकांकडे तोंड करून दंड दाखवतो. कोणाला दाखवतोस बाबा? पट्टीवाल्याला?

नेव्हिल: वीस वर्षांचं पोर आहे. अंगात मस्ती असणारच.

व्हाल्डा: मस्ती असू दे, अक्कल पण असू दे. पास दिला का कोणी कोणाला? त्या कॅलमच्या हातात चेंडू आला की मान खाली घालून सुटला, बाजूला तीन जण हात वर करून ओरडतायत. तिसऱ्या क्वार्टरपासून तर एकही जण बचावाला मागे येईना. पुढच्या शनिवारी पहिल्या नंबरचा संघ येतोय, ते यांची चटणी करतील. वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय!

नेव्हिल: ते मात्र खरं. कोचलाही पटलंय. खेळ संपल्यावर थेट गाडीत जाऊन बसला तो.

व्हाल्डा: लोकांनाही पटलं. पहिल्या गोलाला मैदानाभोवतीच्या सगळ्या गाड्यांनी हॉर्न दिले. पंधराव्यापर्यंत निम्मे गप्प. शेवटी एकच गाडी वाजत होती.

नेव्हिल: डार्सीच्या बापाची.

व्हाल्डा: दुसऱ्या कोणाची असणार? आणि मला सांग, चार पोरं उसनी का नाही दिली त्यांना? माझा नवरा कप्तान होता तेव्हा विचारायची गरज पडत नसे. समोर माणसं कमी दिसली की आपले दोघे-चौघे त्यांचा सदरा घालून उभे राहायचे.

नेव्हिल: कोचनं विचारलं ना. तेच नको म्हणाले.

व्हाल्डा: नको म्हणाले?

नेव्हिल: साफ. आहेत तेवढे पुरे, म्हणाले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

व्हाल्डा: मग भोगलं.

नेव्हिल: भोगलं खरं. पण शेवटी शेवटी बघवेना ग. तिथे वर खोलीत एल्विन माझ्या शेजारी बसलेला. एकतीस वर्षं आम्ही दोघं त्या खोपटात बसतोय, तो त्यांचा वेळपाल, मी आपला. चौथा क्वार्टर सुरू झाला आणि म्हणतो, तू बघ घड्याळ, मी जरा खाली जाऊन येतो. आजवर मध्येच कधी उठला नाही तो. लघवीलासुद्धा नाही.

व्हाल्डा: बघवलं नसेल बिचाऱ्याला.

नेव्हिल: तेच मला वाटलं. म्हणून मग... कोणाला बोलू नकोस.

व्हाल्डा: मी कुठे बोलते?

नेव्हिल: व्हाल्डा, तू सगळीकडे बोलतेस.

व्हाल्डा: बरं, नाही बोलत. सांग.

नेव्हिल: मी घड्याळ थांबवलंच नाही. चेंडू बाहेर गेला, कोणी पडला, गोल झाला, की घड्याळ थांबवायचं आणि खेळ सुरू झाला की चालू करायचं. वीस मिनिटांचा क्वार्टर त्यानं अठ्ठावीसपर्यंत जातो. आज चौथ्याला मी ते चालूच ठेवलं. वीस झाली आणि दाबला भोंगा. म्हटलं, सुटू देत एकदाचे.

व्हाल्डा: बरं केलंस.

नेव्हिल: खरंच?

व्हाल्डा: आज या गावात कोणी माणसासारखं वागलं असेल तर तू. आणखी आठ मिनिटं म्हणजे आणखी पाच गोल. बरं केलंस, नेव्हिल.

नेव्हिल: मला पण तसंच वाटतंय. पण दोन्ही बाजूंचा एकेक माणूस बसवतात तो कशाला? कोणी कोणाची वेळ खाऊ नये म्हणून. आणि मी...

(एल्विन, डूलनचा वेळपाल, टोपी हातात घेऊन दारात येतो.)

एल्विन: येऊ का आत? वेळेच्या कागदावर माझी सही राहिलीय, नेव्हिल.

व्हाल्डा: ये, एल्विन, बस. दोन पॅटिस उरलेत, गरम करते.

एल्विन: नुसता चहा दे. तुमची पोरं छान खेळली.

व्हाल्डा: कशाला खोटं बोलतोस? मी आत्ता अर्धा तास त्यांना शिव्याच घालतेय.

एल्विन: तुझं ते नेहमीचंच. डार्सीचा डावा पाय चांगला आहे. डोकं येईल मागून.

व्हाल्डा: तुमच्या लोकांनी चार पोरं घेतली असती तर काय बिघडलं असतं रे? एवढा कसला ताठा?

एल्विन: ताठा नाही. आज सगळे आमचेच हवे होते.

नेव्हिल: आज काय विशेष?

एल्विन: गुरुवारी बैठक झाली आमची. क्लब बंद केला. आजचा शेवटचा.

व्हाल्डा: काय म्हणतोस!

एल्विन: एकशे नऊ वर्षं झाली होती. एकशे दहा व्हावीत असं वाटत होतं, पण माणसंच नाहीत. आमच्या क्लबात नेटबॉल खेळणाऱ्या मुलींना तुमच्याकडे घ्या, हे मात्र सांगून ठेवतो.

व्हाल्डा: घेऊ रे, घेऊ. पण आधी नाही का सांगायचं? गाव जमलं असतं. मी केक केला असता.

एल्विन: म्हणूनच नाही सांगितलं. तुम्ही केक केला असता, कोणीतरी भाषण केलं असतं, आणि तुमच्या पोरांनी मुद्दाम हळू पळून आम्हाला दोन गोल दिले असते. ते नको होतं. साधा शनिवारचा सामना हवा होता. हरणार हे ठाऊक होतंच की!

नेव्हिल: म्हणून तू खाली गेलास.

एल्विन: हो. एकतीस वर्षं काचेतून पाहिलं, शेवटचा क्वार्टर म्हटलं कुंपणाला टेकून पाहावा. पोरांच्या जवळ. घड्याळ तुझ्या हातात होतं, मला कसली काळजी?

व्हाल्डा: साखर किती घालू?

एल्विन: दोन. रॉडीचं पाहिलंस का, नेव्हिल? पट्टीवाला आमचा. सेहेचाळीस वर्षांचा आहे तो. अख्ख्या दिवसात गोलसमोर आमचा एकच चेंडू नीट गेला. उंच, अगदी त्याच्या डोक्यावर. आसपास तुमचं चिटपाखरू नाही. त्यानं झेलला, आणि पंच हात हलवतोय. भोंगा आधी झाला होता, एका श्वासाच्या फरकानं. झेल मोजला असता तर निवांत लाथ मारायला मिळाली असती. तिथून रॉडी झोपेतसुद्धा चुकत नाही.

व्हाल्डा: जाऊ दे रे, एल्विन. एका गोलनं काय होणार होतं?

एल्विन: काही नाही. सहा गुण मिळून चाराचे दहा झाले असते. पोरं मात्र त्याला खांद्यावर घेणार होती, हे नक्की. कुठाय तो कागद?

नेव्हिल: एल्विन, थांब जरा.

एल्विन: चष्मा आहे माझ्याकडे. पहिला, अठ्ठावीस मिनिटं दहा सेकंद. दुसरा, सत्तावीस पन्नास. तिसरा, एकोणतीस पाच. चौथा, वीस मिनिटं... शून्य सेकंद.

व्हाल्डा: चहा घे आधी. निवतोय.

एल्विन: चौथ्यात चेंडू एकदाही बाहेर गेला नाही, नेव्हिल? मी तर स्वतः दोनदा कुंपणापलीकडून उचलून दिला.

नेव्हिल: गेला.

एल्विन: मग घड्याळ बिघडलं?

व्हाल्डा: अरे, तुमच्याच भल्यासाठी त्यानं...

एल्विन: त्याला बोलू दे, व्हाल्डा.

नेव्हिल: घड्याळ बरोबर आहे. मीच थांबवलं नाही. तुला बघवत नाही म्हणून तू खाली गेलास असं वाटलं मला. म्हटलं, लवकर संपू दे.

एल्विन: आठ मिनिटं.

नेव्हिल: आठ. थोडी जास्तच.

एल्विन: मार खायचीच होती ती. पण आमची होती रे.

नेव्हिल: मला ठाऊक नव्हतं, एल्विन. देवाशपथ, ठाऊक असतं तर मी भोंग्याला हात लावला नसता. सूर्य बुडेपर्यंत लावला नसता.

एल्विन: ठाऊक नसतानाच तर नियम पाळायचे असतात. आणि ते तुला मी शिकवायचं?

व्हाल्डा: एल्विन, त्याच्या मनात वाईट नव्हतं.

एल्विन: नव्हतंच. वाईट असतं तर भांडता आलं असतं.

नेव्हिल: मग भांड ना! शिव्या दे. रॉडीला बोलाव, मी त्याच्या तोंडावर सांगतो.

एल्विन: रॉडी गेला. नशीब म्हणत गेला. त्याला तसंच म्हणू दे.

नेव्हिल: तर मग तक्रार कर. कागदावर माझ्याच हातचे आकडे आहेत, खोटे लिहवले नाहीत मला. लीगच्या समितीसमोर उभा राहून कबूल करतो. काढून टाकतील, टाकू देत. निकाल रद्द होईल, कदाचित सामना पुन्हा खेळवतील. तू फक्त तक्रार कर, एल्विन.

एल्विन: तक्रार क्लबानं करायची असते, नेव्हिल. पेन दे इकडे.