फोटोतली पराटी

मेहकरच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर बहीणभाऊ एकाच मोबाइलवर वाकले होते. लग्नाच्या ॲपवर भावाचा कपाशीच्या शेतात काढलेला फोटो चढत होता.

"छाये, फोटोतली पराटी काऊन कापून राह्यली?"

"नुसतं तोंड पुरे, दादा."

"अवं, छातीले लागली पराटी. बोंडअळीपासून वाचवली म्या."

"पोरीले त्याचं काय?"

"मेहनत दिसते ना."

"मेहनत नाही, वावर दिसते. वावर दिसलं का पोरी फोटो पुढं सरकवतेत."

"तुले काय मालूम?"

"माह्या ॲपवर म्या चौदा पोरं तसेच सरकवले."

"चौदाही वाईट होते?"

"कोनाले मालूम? मांगं वावर दिसलं, सरकवले."

"मंग काप. एक बोंडबी ठेवू नको."